फिक्स्ड गिअरच्या सायकलीला एकापेक्षा अधिक गिअर कसे द्यावेत

सोलापूर शहरापुरती फिक्स्ड गिअरची सायकल चालवायची असेल, तर एकच गिअर पुरतो. सात रस्त्यावरून निघून विजापूर रस्त्याने जुळे सोलापूर गाठले, तरी एखादा पूल सोडल्यास चढ म्हणावा असा चढ लागत नाही. अडचण सुरू होते ती गावाबाहेर. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि शेवटच्या टप्प्यात बालाघाटाचा घाट चढावा लागतो. पंढरपूरच्या रस्त्याला डोंगर नाही, परंतु ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा मोकळ्या माळावरून सरळ तोंडावर येतो, तेव्हा सपाट रस्ताही घाटासारखाच वागतो. अशा वेळी गिअर बदलता आला तर बरे, असे प्रत्येकाला वाटते आणि मग पहिला विचार मनात येतो तो बाजारातल्या गिअरच्या सायकलीचे सामान आणून आपल्या सायकलीला बसवण्याचा. तो विचार बाजूला ठेवून काय करता येते, ते या लेखात सांगितले आहे.

आधी आपली सायकल खरोखर फिक्स्ड गिअरची आहे का, ते पाहावे. कारखान्याला जाणारा कामगार किंवा दूधवाला वापरतो त्या काळ्या सायकलीलाही एकच गिअर असतो, पण तिच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते, म्हणून पाय थांबवले तरी चाक फिरत राहते. मागचे चाक उचलून पेडल उलटे फिरवावे. पेडलबरोबर चाकही उलटे फिरले, तर सायकल फिक्स्ड गिअरची आहे. या सायकलीत चेन दोन्ही बाजूंनी काम करते: पुढे रेटताना चेनचा वरचा पदर ताणला जातो, तर पाय अडवून वेग कमी करताना खालचा पदर ताणला जातो. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

बाजारातल्या गिअरच्या सायकलीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी जी यंत्रणा असते, तिला डिरेलर म्हणतात. तिची स्प्रिंगवर तोललेली दांडी चेनच्या खालच्या पदराचा झोल शोषून घेते. फिक्स्ड गिअरवर पाय अडवताच हाच खालचा पदर ताठ होईल, दांडी पुढे खेचली जाईल आणि ती वाकेल किंवा तुटून आऱ्यांमध्ये जाईल. शिवाय फिक्सीच्या, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या सायकलीच्या, फ्रेमला डिरेलर लटकवायचा कानही नसतो, कारण चाकाची एक्सल बसते ती तिची मागची खाच मागच्या बाजूला उघडते. म्हणून फिक्स्ड आणि डिरेलर ही जोडी जमत नाही. दुकानदाराने कितीही आत्मविश्वासाने “बसवून देतो” म्हटले, तरी नको म्हणावे.

मापे आणि हिशेब

कामाला लागण्यापूर्वी चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. पुढच्या चकतीला, म्हणजे दुकानातल्या भाषेत चेनव्हीलला, किती दाते आहेत? मागच्या दातेरी चक्राला किती? (या चक्राला पुढे कॉग म्हटले आहे.) एका दात्यावर खडूची खूण करून मोजले की चूक होत नाही. मागच्या दोन खाचांमधले आतून आतपर्यंतचे अंतर किती? फिक्सीत ते बहुधा १२० मिलिमीटर असते. आणि हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, डाव्या बाजूला आटे आहेत का? असतील तर एका मापाचे आहेत की दोन?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. फिक्स्ड कॉगसाठी बनवलेल्या बाजूला दोन पायऱ्या दिसतात. आतल्या रुंद पायरीवर कॉगचे नेहमीचे आटे असतात, तर बाहेरच्या अरुंद पायरीवर लॉकरिंगचे, म्हणजे कॉग दाबून धरणाऱ्या कड्याचे, उलटे आटे असतात. फ्रीव्हीलसाठी बनवलेल्या बाजूला एकच पायरी असते. फ्रीव्हीलच्या आट्यांवर फिक्स्ड कॉग चढतो, घट्टही होतो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. पाय अडवला की तो उलगडू लागतो, कारण त्याला धरून ठेवणारी लॉकरिंग तिथे बसू शकत नाही. काही जण कॉग चिकटवून काम भागवतात. मी ते कोणालाही सुचवणार नाही.

आता हिशेब. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे गुणोत्तर. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५. पेडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक पावणेतीन फेरे फिरते. ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मागावर इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडावेत ते ठरवण्यासाठी वेगळ्या दात्यांचे चाक घालतात, त्याच जातीचे हे गणित आहे. सातशे मापाच्या बारीक टायरचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. त्याने गुणले की एका फेऱ्यात सायकल ५.८ मीटर जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला ७२ फेरे पडतात, ते आरामाचे आहे. पण वाऱ्याने किंवा चढाने वेग १५ वर आला, तर फेरे ४३ वर येतात आणि प्रत्येक फेरा गुडघ्यावर पडतो. त्याच १५ च्या वेगाला ४२ आणि १८ दात्यांची जोडी असेल तर फेरे ५१ होतात, आणि ४० व २० ची असेल तर ६०. मिनिटाला आठ-दहा फेऱ्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण घाटात उतरून सायकल ढकलावी लागेल की नाही, हे बहुधा तोच ठरवतो.

पहिला मार्ग : हबच्या दोन्ही बाजूंना कॉग

नवख्याने सुरुवात इथूनच करावी. ज्या हबच्या दोन्ही बाजूंना आटे असतात त्याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात. एका बाजूला १६ दात्यांचा कॉग आणि दुसऱ्या बाजूला १८ किंवा १९ दात्यांचा बसवायचा, आणि गिअर बदलायचा तेव्हा चाक काढून उलटे बसवायचे. युक्ती जुनी आहे. तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलरला १९३७ साली परवानगी मिळाली. तोपर्यंत तिथले स्पर्धकही घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक फिरवून बसवत असत.

लागणारी हत्यारे थोडी आहेत: एक्सलच्या नटांसाठी पाना (फिक्सीत बहुधा १५ मिलिमीटरचा), लॉकरिंगच्या खाचेत अडकणारा आकडीचा पाना, कॉग धरून फिरवण्यासाठी चेनचा तुकडा लावलेली पट्टी म्हणजे चेन व्हिप, आणि ग्रीस. सोलापुरात पाना आणि ग्रीस कुठेही मिळेल, बाकीची दोन मात्र बहुधा मागवावी लागतात. ती येईपर्यंत थांबावे.

थांबावे असे म्हणतो, कारण मी थांबलो नव्हतो. लॉकरिंगचे आटे उलटे आहेत हे मला वाचून ठाऊक होते. तरीही हातात छिन्नी आणि हातोडी आली तेव्हा हाताने सवयीची दिशा धरली. नेहमीचा नट सोडवतो तशी मी ती घड्याळाच्या उलट दिशेने ठोकत राहिलो, म्हणजे प्रत्यक्षात आवळत राहिलो. सहाव्या-सातव्या घावाला ती एकाएकी हलकी फिरली आणि मला आनंद झाला. बाहेर काढली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला हबच्या ॲल्युमिनियमची चमकती, बारीक, गुंडाळलेली तार अडकलेली होती. ते हबचे आटे होते. हब गेला. म्हणून खडूने सायकलवर लिहून ठेवा: लॉकरिंग सोडवायची तर घड्याळाच्या दिशेने, कॉग सोडवायचा तर घड्याळाच्या उलट दिशेने.

नवा कॉग बसवताना आटे कापडाने स्वच्छ पुसून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. कॉग पहिल्यांदा नुसत्या बोटांनी फिरवावा. तो बोटांनी तीन-चार फेरे सहज गेला नाही, तर आटे तिरके लागले आहेत असे समजून मागे घ्यावे आणि पुन्हा सुरुवात करावी. शेवटपर्यंत गेल्यावर चेन व्हिपने घट्ट करावा, मग लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने आवळावी. पण काम इथे संपत नाही. चाक सायकलीला बसवून एखाद्या छोट्या चढावर पाच-सहा वेळा जोराने रेटावे आणि परत येऊन लॉकरिंग पुन्हा आवळावी. पायाच्या जोराने कॉग आणखी थोडा आत सरकतो आणि लॉकरिंग तेवढी सैल पडते. ही दुसरी आवळणी विसरलेली सायकल चार दिवस उत्तम चालते आणि पाचव्या दिवशी सिग्नलला पाय अडवताना दगा देते.

चाक उलटे बसवल्यावर एक्सल खाचेत थोडे वेगळ्या जागी येईल. कॉगला एक दाता वाढला की एक्सल सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकते, म्हणून १६ वरून १९ वर गेल्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर धरावेत. तेवढी जागा खाचेत हवी. मागे रिमचा ब्रेक असेल, तर त्याचे शू अजूनही रिमवरच टेकतात, टायरला घासत नाहीत ना, तेही पाहावे.

चेनचा ताण हा फिक्सीत चवीचा प्रश्न नाही. चालत्या सायकलीची चेन उतरून कॉग आणि हबमध्ये अडकली, तर मागचे चाक जागीच जाम होते. चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवल्यास सुमारे १० ते १५ मिलिमीटर झोल असावा. परंतु एकाच जागी पाहून थांबू नये. चेनव्हील पूर्ण गोल क्वचितच असते, म्हणून पेडल हळूहळू पूर्ण फिरवत सर्वांत ताठ जागा शोधावी आणि तिथे एवढा झोल ठेवावा. आवळताना आधी उजवा नट थोडा, मग चाक मध्यावर आणून डावा, मग पुन्हा उजवा, असे आलटून-पालटून करावे.

एक सूचना इथेच देतो, कारण अपघात इथेच होतात. उलट्या करून ठेवलेल्या फिक्सीचे चाक फिरत असताना चेनला फडके लावू नये. साध्या सायकलीत बोट अडकले तर पेडल थांबते. इथे फिरत्या चाकाचा सगळा जोर चेनमधून येतो आणि बोट कॉगखालून निघेपर्यंत तो थांबत नाही. चाक थांबवून, एकेक वीत चेन पुसून, मग पुढची वीत फिरवावी. सैल लेंगा आणि बुटाची लोंबती नाडी यांनाही हाच नियम लागू आहे.

दुसरा मार्ग : दोन चेनव्हील, दोन कॉग, बेरीज सारखी

पहिल्या मार्गात फरक दोन-तीन दात्यांचाच मिळतो. त्याहून मोठा फरक हवा असेल, तर पुढेही दोन चकत्या लावाव्यात. यातली सगळी मेख दात्यांच्या बेरजेत आहे. पुढे ४४ आणि ४०, मागे १६ आणि २० असे घेतले, तर ४४ अधिक १६ म्हणजे ६० आणि ४० अधिक २० म्हणजेही ६०. बेरीज सारखी राहिली की तीच चेन, त्याच लांबीची, दोन्ही जोड्यांवर बसते. ती अगदी तंतोतंत मात्र बसत नाही, कारण दोन चक्रांच्या आकारातला फरक कमी झाला की चेनचा मार्गही किंचित बदलतो. ४०-२० वर एक्सल सुमारे २ मिलिमीटर मागे घ्यावी लागते. ४२-१८ घेतल्यास हा फरक १ मिलिमीटरवर येतो. म्हणजे नट सैल करून चाक पुढे ढकलायचे, हाताने चेन दुसऱ्या जोडीवर घालायची, ताण जुळवायचा आणि आवळायचे. दोन्ही कॉग हबच्या एकाच बाजूला असतील, तर चाक बाहेर काढावे लागत नाही. सवय झाल्यावर चहा उकळेपर्यंत काम होते.

मागे दोन कॉग एकाच तुकड्यात जोडलेलेही मिळतात. सर्ली या कंपनीचा असा जोडकॉग डिंगल या नावाने ओळखला जातो आणि त्यात १७ बरोबर १९, २० किंवा २१ दाते अशा जोड्या येतात. १७-२१ घेतला, तर पुढे ४४-४० ठेवता येते, बेरीज ६१. जोडकॉगचा फायदा असा की दोन्ही वेळा चेन बऱ्यापैकी सरळ रेषेत राहते. जोडकॉग न आणता फ्लिप-फ्लॉप हबच्या दोन बाजू वापरल्या, तर दोन्ही कॉग फ्रेमच्या मध्यापासून एकाच अंतरावर येतात, पण पुढच्या चकत्या एकमेकींपासून सुमारे ५ मिलिमीटर दूर असतात. तो फरक दोघींत अर्धा-अर्धा वाटावा, म्हणजे चेन दोन्हीकडे अडीच मिलिमीटरच तिरकी जाईल. थोडा आवाज येईल. सगळा तिरकेपणा एकाच जोडीवर टाकल्यास मात्र चेन उतरण्याची भीती आहे.

खरेदीपूर्वी क्रँकवर, म्हणजे पेडलाच्या दांडीवर, चकती धरणाऱ्या बोल्टांचे वर्तुळ मोजावे. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलीच्या क्रँकचे वर्तुळ बहुधा १४४ मिलिमीटरचे असते आणि त्यावर ४१ पेक्षा लहान चकती बसत नाही, तेव्हा ४० चा बेत तिथे फसतो. १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर ३८ पर्यंत जाता येते. दोन चकत्यांना लांब बोल्ट लागतात, ते चकतीबरोबरच मागावेत. आणि चेनची रुंदी पाहावी. काळ्या सायकलीची अर्धा बाय एक-अष्टमांश इंची रुंद चेन अरुंद दात्यांवरही चालते, पण गिअरच्या सायकलीची अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही.

चाक घसरवून थांबण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी ४०-२० ला एक तोटा आहे हे लक्षात ठेवावे. गुणोत्तर नेमके २ असल्यामुळे तोच पाय पुढे ठेवून घसरवताना टायर दर वेळी त्याच एका जागी घासतो. ४४-१६ वर तो चार जागी वाटून घासतो. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर हा फरक लवकर दिसतो.

तिसरा मार्ग : तीन गिअरचा फिक्स्ड हब

चालता-चालता गिअर बदलायचा आणि सायकल फिक्स्डही ठेवायची, तर गिअर हबच्या पोटात असावे लागतात. १९०२ साली नॉटिंगहॅमला सुरू झालेल्या आणि २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेलेल्या स्टर्मी-आर्चरने असा एक हब बनवला आहे, त्याचे नाव एस-थ्री-एक्स. तिसरा गिअर सरळ, म्हणजे चेनव्हील आणि कॉगचे जे गुणोत्तर तेच. दुसरा त्याच्या ७५ टक्के आणि पहिला ६२.५ टक्के. ४८ आणि १६ ची जोडी घेतली, तर एका फेऱ्यात ६.३, ४.७ आणि ३.९ मीटर मिळतात. पहिला गिअर तुळजापूरच्या घाटाला आणि दुसरा आषाढातल्या वाऱ्याला पुरेसा आहे.

मात्र दोन गोष्टी मान्य करूनच तो घ्यावा. आतल्या दातेरी चक्रांमुळे पुढे रेटणे आणि मागे अडवणे यांच्यामध्ये पायाला थोडी मोकळी खेळी जाणवते, साध्या फिक्सीचा तो घट्ट जोड राहत नाही. दुसरे म्हणजे चाक नव्याने विणावे लागते. हबची आणि रिमची भोके सारखी असली पाहिजेत, आरे नव्या लांबीचे लागतात, आणि हे काम बाक काढण्यात हात बसलेल्या मिस्त्रीकडेच द्यावे. सोलापुरात असे हात आहेत, त्यांना हब नवा असेल, चाक नवे नाही. केबलची जुळणी हबबरोबर आलेल्या कागदाप्रमाणेच करावी.

स्टर्मी-आर्चरचाच पेडल किंचित मागे दाबून गिअर बदलणारा दोन गिअरचा हबही आहे, पण तो फ्रीव्हीलचा आहे. फिक्स्डची ओढ नसेल तर त्याचा विचार करावा.

ब्रेक आणि पहिली फेरी

लहान गिअर चढाला मिळतो, पण उतार त्याच गिअरवर उतरावा लागतो, हे नवखे विसरतात. ४०-२० वर ताशी ४० किलोमीटर वेगाला मिनिटाला १५९ फेरे पडतात. पाय पेडलांवरून सुटतात आणि मग पेडले पोटऱ्यांवर आपटत राहतात. म्हणून पुढचा ब्रेक सक्तीचा समजावा. तुळजापूरहून परतताना घाटाच्या माथ्यावर थांबून मोठ्या जोडीवर चेन घालावी, किंवा हबच्या दुसऱ्या बाजूला १८ दात्यांचे फ्रीव्हील ठेवले असेल तर चाक फिरवून घ्यावे. फ्रीव्हीलवर आल्यावर पाय अडवून काहीच थांबत नाही, म्हणून तेव्हा पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक लागतात.

पहिली फेरी हिप्परगा तलावापर्यंतच करावी. तुळजापूर रस्त्यावर गावापासून फार दूर नाही, आणि काही ढिले राहिले असेल तर तेवढ्यात कळते. खिशात एक्सलचा पाना आणि लॉकरिंगचा पाना ठेवावा. कोजागिरीच्या सुमारास हा रस्ता तुळजापूरला पायी निघालेल्यांनी भरलेला असतो, ते दिवस चाचणीसाठी टाळावेत.

तलावावरून परत आल्यावर लॉकरिंग, चेनव्हीलचे बोल्ट आणि एक्सलचे नट एकदा आवळून पाहावेत. नवी चेन पहिल्या काही फेऱ्यांत थोडी बसते, तेव्हा झोलही पुन्हा मोजावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलात, तर मोजण्याआधी कॉगच्या दात्यांच्या मुळाशी पाहा. तिथे चिकटून वाळलेली माती चेनला दात्यावर पूर्ण बसू देत नाही, त्यामुळे ती ताठ झाल्यासारखी वाटते आणि आपण चाक उगाच पुढे घेतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती आधी खरवडून काढावी.